ओढ्याचा तळ आणि खेकड्याचे घर
(परिसर अभ्यास : प्रत्यक्ष निरीक्षणाचा पाठ)

बालाघाटाच्या डोंगररांगेवरून उतरणारे लहानमोठे ओढे तेरणा, मांजरा, बोरी, सीना ह्या नद्यांना जाऊन मिळतात. धाराशिव जिल्ह्यातील अनेक गावांजवळून असा एखादा ओढा जातो. पहिले पाऊस झाले की त्याच्या काठी खेकडे दिसू लागतात, आणि ते नेमके कोठे सापडतील हे गावातील काही मुले सहसा न चुकता सांगतात. वर्गात मागे बसणारा मुलगाही येथे पुष्कळदा पुढे असतो. त्याचे यश दैवाचे नसून तळ पाहून केलेल्या अनुमानाचे असते. ते अनुमान सर्व वर्गाला उलगडून दाखविणे, हा ह्या पाठाचा उद्देश होय.

खेकड्याच्या गरजा : खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो, ते सतत ओले राहावे लागतात. वाढताना तो जुने कवच टाकतो. नवे कवच काही काळ मऊ असते, म्हणून त्यास लपावयास जागा हवी. कुजका पाला, किडे, गोगलगायी हे त्याचे अन्न. ओलावा, आडोसा आणि अन्न ह्या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे खेकडा राहतो.

तळाची परीक्षा : सलग काळ्या खडकावर बीळ करता येत नाही, तेथे भेगांखेरीज आडोसा नाही. मोकळ्या वाळूत बिळाच्या भिंती ढासळतात. खोल, दुर्गंधी येणाऱ्या गाळात प्राणवायू कमी असतो. ह्या तिन्ही ठिकाणी शोध बहुधा व्यर्थ जातो. याउलट, वाहत्या उथळ पाण्यात सुटे धोंडे पडलेले असले म्हणजे त्यांच्याखाली पोकळी राहते व लहान खेकडे तेथे आश्रय घेतात. मोठ्यांची बिळे पाण्यालगतच्या चिकण काळ्या मातीच्या काठात असतात. ही माती ओली असता नांगीने कोरता येते आणि कोरलेली भिंत टिकून राहते. ओढा आटला म्हणजे खेकडा बीळ खाली खाली नेतो व ओलावा गाठतो. म्हणून चिकण काठ आणि धोंड्यांचा तळ जेथे एकमेकांस भिडतात, ती जागा प्रथम पाहावी. बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या ताज्या गोळ्या असतील तर आत वस्ती असण्याचा संभव अधिक. तोंडावर कोळ्याचे जाळे असेल तर ते बहुधा रिकामे समजावे.

कोकणातील खाडीतही हाच न्याय आढळतो. तिवरांच्या चिखलात मोठी चिंबोरी बीळ करते, तर पोहणारे समुद्री खेकडे वाळूच्या तळावर वावरतात.

कृती : शिक्षकांनी तीन वेगवेगळ्या जागा आधी स्वतः पाहून ठेवाव्यात. प्रत्येक ठिकाणची माती मुलांना मुठीत दाबावयास सांगावी. गोळा टिकला तर ती चिकण, सुटला तर वाळूची. तीच माती बरणीत पाणी घालून हलवावी. वाळू प्रथम तळाशी बसते, त्यावर गाळ बसतो, आणि चिकण माती पाणी बराच वेळ गढूळ ठेवते. नंतर प्रत्येक ठिकाणी काठाच्या दहा पावलांतील बिळे मोजून तक्ता करावा. कोणत्या मातीत बिळे अधिक आढळली, ह्याचे उत्तर मुलांनी तक्त्यावरून द्यावे, शिक्षकांच्या तोंडून नव्हे.

दक्षता : बिळात हात घालू देऊ नये, त्यात सापही असू शकतो. डोहाजवळ किंवा पूर असताना मुलांस नेऊ नये. पिकांवर औषध फवारलेल्या शेतालगतचे मेलेले खेकडे कोणी खाऊ नयेत. गोड्या पाण्यातील खेकडे कच्चे वा अर्धवट शिजवून खाल्ल्यास फुप्फुसात एक प्रकारचा कृमी वाढतो. मणिपूरसारख्या ईशान्येकडील राज्यांत असे रुग्ण आढळले असून त्यांचा खोकला क्षयासारखा भासतो. कालवण पूर्ण शिजवावे, हे मुलांस अवश्य सांगावे.

मादी ओळखणे : खेकडा उताणा केला असता पोटाखालची घडी अरुंद असेल तर तो नर, रुंद असेल तर मादी. समुद्री खेकड्याची पिले आरंभी पाण्यावर तरंगत दूरवर जातात. आपल्या ओढ्यातील खेकड्याची अंडी मोजकी असतात. त्यांतून थेट इवलेसे खेकडेच निघतात व काही दिवस आईच्या पोटाशी राहतात. अशी एक मादी नेली म्हणजे त्या ओढ्याची पुढली पिढीही गेली. ती जेथे सापडली तेथेच मुलांच्या हातून सोडवावी.

विचारावयाचे प्रश्न :
१. वाळूत खेकडा बीळ का करीत नाही?
२. आटलेल्या ओढ्यात खेकडा कसा जगतो?
३. काठाची चिकण माती खणून नेली तर तेथील खेकड्यांचे काय होईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी घरी वडीलधाऱ्यांस विचारून आणावे. ज्यांनी तो ओढा तीस-चाळीस वर्षे पाहिला आहे, त्यांच्या सांगण्यात पुढच्या पाठाची सामग्री सहज मिळेल.