पुरानंतरची डॉक्सी: वाटप कसं लावायचं

कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) टाळायला देतात त्या डॉक्सिसायक्लिनच्या, म्हणजे डॉक्सीच्या, वाटपाची तयारी या चार फुटांतच उरकायची असते. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०१९ला तर शिरोलीजवळ महामार्गच कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी जिल्ह्याच्या भांडारात खोकी कितीही असली तरी ती शिरोळच्या काठावरच्या गावाला काय कामाची? म्हणून ३९ फुटांची बातमी आली की साठा प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उंचावरच्या उपकेंद्रांत हलवायचा. सोबत आशाताईंच्या कुटुंब नोंदवहीची एक प्रतही हलवायची. मतदार यादीवर भागत नाही, तिच्यात पोरं नसतात.

आता गोळी द्यायची कुणाला, ते ठरवा. पूर आला म्हणून अख्ख्या जिल्ह्याला डॉक्सिसायक्लिन, असं करायचं नसतं. लेप्टोचे रुग्ण एकवटून सापडत असलेला भाग, त्यातही चिखलात-पाण्यात राबणारे शेतकरी, गोठ्यात वावरणारी माणसं, गटारं उपसणारे सफाई कामगार, असा क्रम असतो. निर्णय जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचा आणि तो लेखी हवा. मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, म्हणजे १००च्या दोन कॅप्सूल, जास्तीत जास्त सहा आठवडे. आठ वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका यांना डॉक्सी नाही. त्यांचं काय करायचं ते वैद्यकीय अधिकारी ठरवतील. मोठ्या मुलांच्या मात्रेचा तक्ताही त्यांच्याच सहीचा हवा आणि तो टेबलावर चिकटवलेला हवा.

मग हिशेब. समजा, गाव ३,००० वस्तीचं आहे आणि त्यातली २,३०० माणसं डॉक्सीला पात्र आहेत. आठवड्याला ४,६०० कॅप्सूल, वर दहा टक्के धरले की ५,०६०, म्हणजे दहाच्या ५०६ पट्ट्या. हा सोपा भाग. अडतं ते रांगेत. गोळी हातावर ठेवायला अर्धं मिनिट पुरतं. पण वय, गरोदरपण, ॲलर्जी, चालू औषधं आणि ताप हे विचारायला दीड मिनिट जातं. म्हणजे विचारणारी एक व्यक्ती तासाला ४० माणसं काढते, सहा तासांत २४०. लहानथोर सगळ्यांनाच विचारायचं असल्यामुळे दोन दिवसांत गाव उरकायला विचारण्याची सात टेबलं लागतात आणि गोळ्यांची दोन पुरतात. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उलटं होतं. गोळ्यांच्या टेबलाभोवती चारपाचजण उभे आणि विचारायला एकटी आरोग्यसेविका, मग दुपारनंतर ती विचारणंच सोडून देते.

तापाची माणसं मात्र रांगेत शिरायच्या आधीच, दारातच बाजूला काढा. ताप, पोटऱ्यांत ठणका, लाल डोळे, कमी झालेली लघवी, पिवळेपणा यांपैकी काही असेल तर त्याला तपासणी आणि उपचार लागतात. प्रतिबंधाच्या दोन कॅप्सूल देऊन त्याला घरी धाडलं, की ‘गोळी घेतलीय की’ म्हणत तो आणखी तीन दिवस अंगावर काढणार. त्याच्यासाठी गाडी उभी हवी. प्राथमिक आरोग्य केंद्र, नाहीतर थेट कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय.

कॅप्सूल समोरच गिळायला लावायची, जेवणानंतर आणि पेलाभर पाण्याबरोबर. कोरडी गिळून लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेत अडकते आणि तिथं जखम करते, म्हणून निदान अर्धा तास बसायचं किंवा उभं राहायचं. निवारा छावणीत दुपारच्या पंगतीनंतर लोक तिथंच सतरंजीवर कलंडतात; टेबल सतरंज्यांच्या अलीकडे लावा. दूध, आम्लपित्ताचं औषध आणि लोहाची गोळी यांच्याबरोबर डॉक्सी नको. गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभ्यानं धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरकराला हे दोनदा सांगावं लागतं. पिण्याचं पाणी क्लोरीन तपासलेलं असावं, नाहीतर एक रोग टाळताना दुसरा द्याल.

पट्टी कापून देऊ नका. कापताना मुदतीची तारीख एका तुकड्यावर राहते आणि बाकीचे तुकडे बेवारस होतात. अन्नाच्या पाकिटात गोळ्या घालून वाटायला पुढारी आणि मंडळं उत्साहानं येतील. त्यांना पाणी, पेले आणि रांग सांभाळायला द्या, कॅप्सूल नको.

पाणी ओसरलं की खरी पंचाईत. छावणी रिकामी होते, माणसं गाळ काढायला आणि गोठे धुवायला घरी परततात आणि धोका नेमका तेव्हाच वाढतो. शाळेत टेबल मांडून माशा मारण्यापेक्षा ते संध्याकाळी दूध संस्थेच्या दारात न्या. किटली घेऊन घरटी एकजण तिथं येतोच. त्याच्याकडून घरातल्या बाकीच्यांची हजेरी घ्या. पण त्यांच्या गोळ्या त्याच्या हाती देऊ नका. ते त्या दिवशी कुठं आहेत एवढंच लिहून घ्या: मळ्यात, पाहुण्यांकडं, एमआयडीसीत पाळीला. पुराच्या वेळी जनावरांपाशी मागं राहिलेला म्हातारा आणि गाळ उपसायला बाहेरून आलेले सफाई कामगार कुठल्याच नोंदवहीत नसतात. म्हाताऱ्यासाठी आशाताईला गोठ्यापर्यंत चालत जावं लागेल. कामगारांसाठी मुकादमाकडून रोज सकाळी यादी मागवा आणि न्याहारी झाल्यावर कामाच्या जागीच गोळी द्या.

दर आठवड्याला वार तोच ठेवा. चुकलेल्यांची नावं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आशाताईच्या हातात हवीत. आठवड्यानं मिळालेली यादी फक्त अहवालाला कामी येते. सहाव्या फेरीनंतर वाटप थांबवा. लोक मागतील, तरी थांबवा. उरलेल्या पट्ट्या मोजून, मुदत पाहून भांडारात परत करा.