६१७४ : नुसतं फॉरवर्ड करू नकोस गं!

अगं, तो ६१७४चा मेसेज तू मलाही पाठवलास. ‘जादुई संख्या’ म्हणे! खाली टाळ्या, फुलं, सगळं. पण एक विचारू? स्वतः करून पाहिलंस का?

नाही ना? मग बस इथे. कागद-पेन्सिल घे, मोबाइल ठेव तिकडे.

कुठलीही चार अंकी संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांड, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा कर. उत्तराला पुन्हा तेच. आपण १९०५ घेऊ. ९५१० वजा ०१५९, आले ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. झाल्या सात पायऱ्या! सातापेक्षा जास्त कधीच लागत नाहीत. आता ७६४१ मधून १४६७ वजा कर बरं. पुन्हा ६१७४च. इथून गाडी हलत नाही.

शून्य मात्र गाळू नकोस हं. २१११ घेतलंस तर पहिलं उत्तर ९९९ येतं. ते ०९९९ असंच लिही. नाहीतर पुढच्या वजाबाकीत शून्य उरेल आणि बोल मला लावशील.

१९०५ का घेतली? ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं जन्मसाल. जन्म डहाणूचा, नोकरी देवळालीला शाळामास्तराची. ना पदव्युत्तर पदवी, ना विद्यापीठातली खुर्ची. ६१७४ त्यांना सापडली १९४९ साली, पण जगभर नाव झालं ते १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर. आपल्याकडे त्याआधी किती जणांनी दखल घेतली, ते बोलायलाच नको.

आता खरी गंमत ऐक. ‘असं का?’ हे त्या मेसेजमध्ये नव्हतंच. उतरत्या क्रमातल्या पहिल्या आणि शेवटच्या अंकांतला फरक काढ, त्याला ९९९ने गुण. मधल्या दोघांतला फरक काढ, त्याला ९०ने गुण. दोन्हींची बेरीज म्हणजे तुझी वजाबाकी! ७६४१ घे : सहा गुणिले ९९९, म्हणजे ५९९४; दोन गुणिले ९०, म्हणजे १८०. मिळून ६१७४. म्हणजे मूळ अंक कोणते होते याला महत्त्वच नाही, हे दोन फरक कळले की पुरे. पहिला फरक १ ते ९ मधला, दुसरा ० पासून फार तर पहिल्याएवढा. मोजून बघ, अशा जोड्या फक्त ५४ होतात. जवळजवळ नऊ हजार संख्या, पण पहिल्याच वजाबाकीत सगळ्या ५४ उत्तरांत येऊन बसतात. तेवढी तपासली की सिद्धता झाली. मला तर जादूपेक्षा हेच जास्त आवडतं.

आणि अंकांची बेरीज केलीस का? १८. तिने ६१७४ला भाग दे : ३४३, म्हणजे साताचा घन. अशा बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांनीच दिलेलं. वर १८, १८चा वर्ग आणि १८चा घन मिळवलेस तरी ६१७४च!

तर रविवारी वहीत त्या ५४ ओळी मांड. अडलीस तर ये माझ्याकडे, पण आधी निदान दहा ओळी स्वतः करून ये.