माया न सोडता कापलेलं कापड

आई गेल्यावर तिची पत्र्याची पेटी माझ्याकडे सावेडीला आली. वर ओटीत आलेले खण आणि ब्लाऊज पीस होते, आपल्या प्रत्येक घरात साठतात तसे. त्याखाली मलमलच्या फडक्यात गुंडाळलेलं महेश्वरी कापड, फिकट पिस्ता रंगाचं, कधीच न वापरलेलं. तळाशी वर्तमानपत्राच्या कागदावर कापून ठेवलेली कटिंगं: पोलकं, झबलं आणि सहा कळ्यांचा परकर. परकराच्या कळीवर आईच्या अक्षरात शिसपेन्सिलीने लिहिलेलं, ‘कंबर २८, उंची ३४’. कागदाच्या कडेवर छापलेली तारीख १९७४ सालची.

माझ्या लेकीची कंबर बरोब्बर अठ्ठावीस. नवरात्रात केडगावच्या देवीला जाताना तिने आजीच्या कापडाचा, आजीच्याच मापाचा परकर घालावा, हे मी त्याच क्षणी ठरवून टाकलं. अहिल्याबाई आपल्या चौंडीच्या, आणि महेश्वरला विणकर आणून वसवले त्यांनीच. त्यामुळे हे कापड आपल्या जिल्ह्यात परत आल्यासारखंच मला वाटत होतं. एवढी माया त्या कापडावर होती आणि कापताना नेमकी मायाच सोडली नाही.

ज्यांनी शिवणाचा क्लास केलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: शिवणीच्या आत जाणारं जे जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. आई कागदावर फक्त अंगाचं माप कापायची. माया ती कापडावर खडूने आखताना सोडायची, सवयीने. कागदावर त्याची खूण कुठेच नव्हती. मी कागदाच्या काठाकाठाने कात्री चालवली. सहा कळ्यांच्या बारा कडा, प्रत्येक कडेचा अर्धा इंच शिवणीत गेला, म्हणजे सहा इंच. अठ्ठावीसचा परकर बावीसचा झाला. शिवून होईपर्यंत मला त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणून जुनं कटिंग हातात आलं की आधी त्याच्यावर टेप धरा. कमरेच्या कडा मोजून बेरीज करा आणि ती लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. बेरीज आकड्याएवढीच आली तर माया धरलेली नाही; चारसहा इंच जास्त आली तर धरलेली आहे. विकतच्या नमुन्यांतही हा फरक असतो. अमेरिकी पाकिटांमधल्या नमुन्यांत बहुधा पाच अष्टमांश इंच माया धरलेली असते, जर्मन ‘बुर्दा’ मासिकातल्या नमुन्यांत ती आपण सोडायची असते. कटिंग आजीचं असो की परदेशातलं, विचारायचा पहिला प्रश्न हाच.

दुसरी चूक इस्त्रीची. कागद घडीवर वाकत होता म्हणून तो कापडावर ठेवूनच मी गरम इस्त्री फिरवली. कागद उचलला तर पिस्ता रंगावर छापील अक्षरं उलटी उमटलेली. ती शाई पूर्ण गेली नाही. वर्तमानपत्रावरचं कटिंग थेट कापडावर कधीच ठेवू नका. खाकी कागदावर उतरवून घ्या आणि मूळ कागद जपून ठेवा. आईचं अक्षर पुन्हा मिळत नाही.

कमरेला दोन्ही बाजूंनी पट्ट्या घालून मी परकर कसाबसा बसवला. लेक काही बोलली नाही, आनंदाने घालून आली. केडगावला देवळाच्या पायऱ्या चढताना ‘चर्र’ असा आवाज आला आणि मागची कळी वरपासून गुडघ्यापर्यंत उभी फाटली. शिवण शाबूत होती. फाटलं होतं ते घडीच्या रेषेवर. इतकी वर्षं एकाच घडीत दाबून राहिल्याने तिथला धागा मेला होता. तिने ओढणी कमरेला गुंडाळली आणि तशीच दर्शनाला उभी राहिली. तिचा तो चेहरा मी अजून विसरलेले नाही.

परत आल्यावर मी तोफखान्यातल्या एका वयस्कर पद्मशाली बाईंना कापड दाखवलं. त्यांचं सगळं आयुष्य हातमागाच्या घरात गेलेलं. त्यांनी कापड उजेडासमोर धरलं, घडीच्या रेषेवर दोन्ही अंगठे जवळ ठेवले आणि हलकेच ताणलं. धागे पटापट सुटले. “हे आधी करायचं असतं, बाई,” एवढंच म्हणाल्या. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. घडीच तेवढी कमजोर निघाली तर कळ्या तिला टाळून आखता येतात. सगळंच कापड सुटत असेल तर त्यावर कात्री चालवू नका.

दुसरा परकर मी साठवलेल्या सुती कापडाचा शिवला. त्याच्यातल्या चिठ्ठीवर ‘४’ लिहिलेलं. मीटर समजले असते तर पुन्हा फसले असते, कारण ते वार निघाले. चार वार म्हणजे तीन मीटर सहासष्ट सेंटिमीटर. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, पण आपल्या तोंडातून वार गेला नाही, नऊवारी अजून नऊवारीच आहे. पन्हाही मोजा, जुना छत्तीस इंचांचा असतो आणि कटिंग त्यावरच बेतलेलं असतं.

या वेळी कापड रात्रभर पाण्यात भिजवलं, सावलीत वाळवलं, मग पुन्हा मोजलं. आधी मांजरपाटाचा परकर कच्च्या टाक्यांनी जोडून लेकीच्या अंगावर पाहिला. कळीची सरळ कड शेजारच्या कळीच्या तिरप्या कडेला जोडली, म्हणजे शिवण ओघळत नाही. खालची दुमड घालण्याआधी परकर दोन दिवस टांगून ठेवला. तिरपं कापड खाली उतरतं, ते उतरू द्यायचं आणि मगच घेर सारखा करायचा.

खाकी कागदावरच्या नव्या कटिंगवर मी लिहून ठेवलंय: ‘कंबर २८, उंची ३४, माया धरलेली नाही, पन्हा ३६.’ तुमच्याही पेटीत असं कापड असेल तर येत्या रविवारी ते बाहेर काढा. खळ असेल तर धुऊन टाका, नाहीतर कसर लागते. आणि परत ठेवताना घडी जुन्या रेषेवर घालू नका.