आधी तोंड उघडायला शिकवा

वणीत कुणाकडे कुत्र्याचं पिल्लू आलं की आठवड्याभरात ते शेकहँड द्यायला शिकतं. पाहुणे आले की पंजा पुढं करतं, बिस्किट मिळतं, घरची पोरं खूश. पुढं ‘बस’, ‘उठ’, ‘थांब’ हेही हळूहळू जमतं. पण त्याच कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी दाखवा म्हटलं, की घरातला कर्ता माणूस दोन पावलं मागं सरतो. “नाई बाप्पा, तोंडाले हात नाई लावू देत तो.” हे सांगताना आवाजात काळजी नसते, कौतुक असतं. अंगाला हात लावू न देणारं कुत्रं म्हणजे राखणीचं कुत्रं, असा आपल्याकडचा समज आहे. हा समज किती महागात पडतो ते मी जवळून पाहिलं आहे.

शेरू आमच्याकडे आला तो मोठा होऊनच. माझे यजमान कोळसा खाणीत. त्यांच्या एका सहकाऱ्याची बदली झाली आणि जर्मन शेफर्डच्या वाणाचा हा राखणदार साखळीसकट आमच्या अंगणात बांधला गेला. माया करायचा, पण पाठीवर आणि डोक्यावर हात फिरवू द्यायचा, तेवढाच. कान, पंजे, तोंड यांच्याजवळ बोट गेलं की घशातून गुरगुर. आधीच्या घरीही तिथं कुणी कधी हात लावला नव्हता म्हणे.

पोळा झाला आणि शेरूनं भाकरीकडे पाठ फिरवली. शेजारचे काका म्हणाले, “वहिनी, काई नाई झालं त्याले. पावसाळी हवा हाये, दोन दिवसांत उठते पाहा.” त्यांचंही चूक नव्हतं, बरीचशी कुत्री उठतातच. डॉक्टर आले, बैलाला दावं लावून सुई टोचणारा तयारीचा माणूस. पण शेरूनं चौघांना दमवलं. ताप मोजू दिला नाही, ओठ वर करू दिला नाही, रक्त काढणं तर लांबच. झटापटीत त्याचीच धाप लागली. शेवटी साखळी आखडून कशीबशी एक सुई दिली. पुढं त्याच्या नाकातून रक्त आलं, फरशीवर थेंबाथेंबानं, आणि मग तो इतका गळून गेला की गुरगुरायचंही विसरला. तेव्हा पहिल्यांदा मी त्याचा ओठ वर केला. हिरडी पांढरीफटक. रक्त तेव्हा काढता आलं, जांभळ्या झाकणाच्या नळीत भरून नागपूरला गेलं. गोचीडतापाचा रिपोर्ट फोनवर आला तोवर शेरू गेला होता.

डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. पण तालुक्याच्या दवाखान्यात सकाळी गाई-बैल, शेळ्या, कोंबड्यांची रांग असते. कुत्रा हा त्यातला एक पेशंट. तपासणीची सोय घुग्गुसवरून चंद्रपूर, नाहीतर वरोरा-जामवरून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास नागपूर, जिथं १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. एवढ्या अंतरात जो वेळ जातो तो भरून काढायचा, तर पहिली तपासणी घरातच व्हायला हवी. आणि ती व्हायची तर कुत्र्यानं ती करू दिली पाहिजे. म्हणून मी म्हणते, कुत्र्याचं शिक्षण आणि कुत्र्याची तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

गोचीडतापाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्या भागात कुत्र्यांच्या जिवावर उठणारा हा सगळ्यात चिवट आजार आहे. कुत्र्याची तपकिरी गोचीड ही गुरांच्या गोचिडीहून वेगळी. ती आयुष्यात तीनदा कुत्र्याला चिकटते आणि प्रत्येक वेळी रक्त पिऊन खाली पडते. मधला काळ ती काढते भिंतीच्या भेगेत, खाटेच्या सांध्यात, दाराच्या चौकटीमागं. एक मादी हजारांनी अंडी घालते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दोन-चार दिसल्या तर घरात किती असतील याचा हिशेब करा. मोठी गोचीड अन्नावाचून कित्येक महिने तग धरते, त्यामुळे ‘कुत्रं गावाला ठेवलं होतं, आता घर साफ झालं’ हेही खरं नाही. तिच्या लाळेतून एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात जातो. एक ते तीन आठवड्यांनी ताप, मरगळ, जेवण बंद. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स घसरतात. इथं उपचार झाले तर कुत्रं बहुतेक वेळा बरं होतं. न झाले तरी ते आपोआप सुधारल्यासारखं दिसतं, आणि हाच खरा दगा. जंतू आत दडून राहतो, महिन्यांनी कधीतरी हाडातल्या मगजावर घाला घालतो. मग नाकातून रक्त, पोटावर लाल-जांभळे डाग, पांढऱ्या हिरड्या. शेरूचं बहुधा तेच झालं असावं. गोचिडीचाच दुसरा एक आजार आहे, बॅबेसिया. त्यात लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. अशी लघवी दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आता हिरडीचं. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटानं दाबली की पांढरी होते, सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. फिकी, पिवळी, निळसर, किंवा रंग परतायला वेळ लागतो, यातलं काहीही असेल तर दवाखाना. आपल्या गावठी कुत्र्यांच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या असतात. तिथं खालच्या पापणीची आतली बाजू बघायची. नाक कोरडं आहे की ओलं, गरम आहे की थंड, यावरून ताप ओळखता येत नाही, कितीही जाणत्यानं सांगितलं तरी. थर्मामीटर गुदद्वारात थोडं तेल लावून घालायचा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे १०१ बघून घाबरू नये. आणि ताप आहे म्हणून घरातली माणसांची गोळी कधीच देऊ नये. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, सगळ्या कुत्र्याला बाधू शकतात. प्लेटलेट्स आधीच घसरलेल्या असताना वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्राव आणखी वाढतो.

हे करू द्यायला कुत्र्याला शिकवायचं कसं? पिल्लू दोन महिन्यांचं असतानाच सुरुवात झाली तर उत्तम, पण मोठंही शिकतं, वेळ जास्त लागतो एवढंच. फिरून आल्यावर, कुत्रं निवांत असताना बसायचं. हातात फुटाणे किंवा उकडलेल्या अंड्याचे बारके तुकडे. गालाला बोट लावलं, तुकडा. ओठाची कड उचलली, तुकडा. हिरडीला बोट टेकलं, तुकडा. अर्धं मिनिट झालं की उठून जायचं. कुत्र्याला वाटलं पाहिजे की खेळ लवकर संपला. त्यानं तोंड फिरवलं तर आपण थोडं पुढं गेलो, असं समजायचं आणि एक पायरी मागं यायचं. असंच कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. पुढच्या पायावर ओला कापूस घासायचाही सराव द्या. रक्त काढताना डॉक्टर तिथंच स्पिरिट लावतात, आणि पुष्कळ कुत्री सुईला नाही, त्या गार ओल्या स्पर्शालाच बिथरतात.

गुरगुरलं म्हणून मारू नका. गुरगुर ही सूचना असते. ती मार देऊन बंद केली की कुत्रं पुढच्या वेळी सूचना न देता चावतं.

मुसक्याचाही सराव हवाच. मळणीच्या बैलाला मुसकं घालण्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही, कुत्र्याला घातलं की मात्र लोक ‘चावरं आहे का?’ विचारतात. विचारू द्या. जाळीचं, आत जीभ बाहेर काढून धापा टाकता येतील असं मुसकं घ्या. आतून दही लावून समोर धरा, तोंड स्वतःहून आत घालू द्या. कापडी पट्टीनं तोंड आवळून बांधणं आपल्या हवेत धोक्याचं, कारण कुत्र्याला गारवा मिळतो तो मुख्यतः धापा टाकूनच. वणीच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास खेळतो, कधी वरही जातो. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. फिरणं पहाटे आणि रात्री. ऊन लागून कुत्रं लटपटलं तर सावलीत घेऊन अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि दवाखान्याकडे निघा. या हवेत हौसेनं हस्की पाळणाऱ्यांना मात्र मला काहीच सांगायचं नाही. सांगून ऐकतील तर ते हस्की आणणारच नाहीत.

आता गोचीड मारण्याचं. इथं मला राग येतो, तो आवरून लिहिते. आपला जिल्हा कापसाचा, घरोघरी फवारणीचं औषध. “एक झाकण बादलीत टाका अन् आंघोळ घाला, एक गोचीड राहत नाई,” हा सल्ला मला मंडईत, दळणाच्या रांगेत, सगळीकडे मिळाला आहे. याच यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. अख्ख्या माणसाला जे कातडीतून आणि श्वासातून बाधलं, ते अंग चाटणाऱ्या दहा-बारा किलोच्या जनावराला काय करेल? आमच्या गल्लीतल्या एका पॉमेरियनला अशी आंघोळ घातली होती. तोंडातून लाळेची धार, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, सगळं अंग थरथरतंय. अ‍ॅट्रोपिनची सुई वेळेत मिळाली म्हणून वाचलं. असं झालंच तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्यानं अंग धुवा आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली सोबत न्या. कुठलं विष ते कळलं की नेमका उतारा देणं सोपं जातं. गुरांचं गोचिडीचं औषधही मनानं वापरू नका. ते किती पातळ करायचं हे डॉक्टरनंच सांगावं. घरात मांजर असेल तर जास्तच जपा, कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराला मारक असतं.

वजन बघून द्यायच्या चघळायच्या गोळ्या आता तालुक्यातही मागवून मिळतात, काही महिनाभर पुरतात, काही तीन महिने. महाग आहेत. पण गोळी घेतलेल्या कुत्र्यावर गोचीड मरते ती चावल्यानंतर, म्हणून रोजची तपासणी सुटत नाही. कानाच्या घडीत, पट्ट्याखाली, बोटांच्या मध्ये, काखेत बघा. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. काडी लावणं, रॉकेल टाकणं, नखानं चिरडणं हे प्रकार नकोत. काढलेली गोचीड स्पिरिटमध्ये टाका. भिंतीच्या भेगा बुजवा. निजायला तरट असेल तर ते उकळत्या पाण्यात घाला, नाहीतर टाकून द्या.

एवढं सगळं करूनही भुऱ्याला, आमच्या आताच्या गावठी कुत्र्याला, गोचीडताप झालाच. फरक इतकाच की हिरडीचा रंग उतरला तो त्याच दिवशी दिसला. डॉक्टरांनी पाय धरला, मी मान धरली, तो माझ्या हातातल्या अंड्याकडे बघत राहिला आणि नळी भरली. काचपट्टीवर जंतू दिसला नाही. तो बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून आजार नाही असं होत नाही. प्लेटलेट्स पाहून डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन सुरू केलं, चार आठवडे. रिकाम्या पोटी दिलं की उलटी व्हायची, म्हणून दहीभाताच्या मधोमध गोळी. दोन-तीन दिवसांत तो उड्या मारायला लागला आणि घरातून सूर निघाला, “आता कशाला गोळ्या?” इथंच पुष्कळ लोक सोडतात. कोर्स पूर्ण करा. आजारपणात माया म्हणून कांदा-लसणाचा रस्सा भाकरीवर ओतू नका. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, आणि या आजारात रक्त आधीच कमी झालेलं असतं.

लसीबद्दल थोडक्यात. पार्व्हो-डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतरानं, रेबीजची तीन महिन्यांनंतर, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. घरचं असो की रस्त्यावरचं, कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि सरकारी रुग्णालय गाठायचं. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही.

शेवटी एक विनंती. कुत्रं धडधाकट असताना त्याच्या हिरडीचा, दिवसाच्या उजेडात, एक फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. वजन आणि नेहमीचं तापमान त्याच्याखाली लिहून ठेवा. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांकही सेव्ह करा. आजारपणात नवा फोटो काढून दोन्ही शेजारी शेजारी डॉक्टरांना पाठवले, की चंद्रपूर-नागपूरच्या डॉक्टरलाही फोनवर बरंच कळतं, आणि निघायचं की थांबायचं हे तेव्हाच ठरवता येतं.