कायद्याचा मसुदाकार

शाळेच्या ग्रंथालयात एक पाटी असते : ‘पुस्तक आठ दिवसांत परत करावे.’ वाक्य लहान आणि सोपे आहे. आता जरा विचार करा. सोमवारी पुस्तक घेतले तर सोमवार मोजायचा की मंगळवारपासून आठ दिवस धरायचे? आठव्या दिवशी शाळेला सुट्टी असेल तर? विद्यार्थी तापाने आजारी असेल तर दंड घ्यायचा का? एका ओळीच्या नियमातून एवढ्या शंका निघतात. मग साऱ्या राज्याला लागू होणाऱ्या कायद्यात किती निघत असतील!

या शंका आधीच ओळखून कायद्याचे शब्द लिहिणे हा काही लोकांचा व्यवसाय आहे. त्यांना मसुदाकार म्हणतात. सरकारी मराठीत ‘प्रारूपकार’ हा शब्द आहे. मला मसुदाकार हा शब्द अधिक आवडतो, कारण तो तुमच्या घरचा आहे. उर्दूतील ‘मुसव्वदा’ मराठीत येऊन ‘मसुदा’ झाला. त्याच्या मुळाशी काळेपणाचा अर्थ आहे. शाईने काळा केलेला, खाडाखोडीचा कागद म्हणजे मुसव्वदा आणि पांढरी, स्वच्छ प्रत म्हणजे मुबय्यजा. मसुदाकाराचे आयुष्य या दोन कागदांच्या मधे जाते.

महाराष्ट्रात हे काम मुख्यतः मंत्रालयातील विधी व न्याय विभागात चालते. कायदा कशासाठी हवा हे मंत्रिमंडळ ठरवते. तो कोणत्या शब्दांत असावा हे मसुदाकार पाहतो. मसुदा तयार झाला की तो विधेयक म्हणून विधिमंडळात मांडला जातो. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ जागा आहेत. दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले आणि राज्यपालांची संमती मिळाली की ते राजपत्रात छापले जाते. मग त्याला ‘अधिनियम’ म्हणतात. काही विधेयकांना राष्ट्रपतींची संमती लागते.

मसुदाकार सगळे नव्याने लिहीत नाही. आपल्या राज्यात १९०४ सालचा एक कायदा आहे. इतर कायद्यांचे शब्द कसे वाचावेत, हेच तो सांगतो. ‘अमुक दिवसापासून’ असे लिहिले असेल तर तो पहिला दिवस मोजायचा नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी कचेरी बंद असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी केलेले कामही वेळेत धरायचे. पुरुषवाचक शब्दात स्त्रियाही येतात. म्हणजे आपल्या ग्रंथालयाच्या पाटीवरील दोन शंका तर इथेच मिटल्या! तापाची शंका उरते. त्यासाठी मसुदाकार कलमाखाली ‘परंतु’ असा शब्द लिहून एक सवलत जोडतो. तिला परंतुक म्हणतात.

शब्दाचे वजन किती असते, हे आपल्याच राज्याच्या एका कायद्यात दिसते. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. खेड्यातील ज्या माणसाला काम हवे त्याला सरकारने काम द्यावे, ही त्यांची कल्पना. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या मोठ्या दुष्काळात रस्ते, तलाव, बांध यांच्या कामांवर हजारो माणसे जगली. पण तोवर ही केवळ योजना होती. योजना सरकारी आदेशाने चालते आणि आदेशाने बंदही होते. म्हणून १९७७ मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम मंजूर केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

आता ही दोन वाक्ये मोठ्याने वाचा :

‘मागणाऱ्याला काम देता येईल.’

‘मागणाऱ्याला काम देण्यात येईल.’

दोन्हींत फरक फक्त क्रियापदाचा आहे. पहिल्या वाक्यात अधिकाऱ्याची मर्जी आहे. त्याने काम दिले तर दिले, नाही तर नाही. दुसऱ्या वाक्यात त्याच्यावर बंधन आहे. या कायद्याने ग्रामीण भागातील प्रौढ माणसाला अंगमेहनतीचे काम मिळण्याचा हक्क दिला, तो दुसऱ्या तऱ्हेच्या वाक्याने. शिवाय पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता द्यावा, आणि तो दिवसाला एक रुपयापेक्षा कमी नसावा, असेही लिहिले. ‘लवकर काम द्यावे’ असे लिहिले असते तर काय झाले असते? लवकर म्हणजे कधी, यावर वाद घालता घालता मजुराची चूल थंड पडली असती. ‘पंधरा दिवस’ हा शब्द मजुराला बोटांवर मोजता येतो. एक रुपया त्या काळीही थोडाच होता, हे खरे. पण रक्कम ठरवणे हे मसुदाकाराच्या हाती नसते. पुढे २००५ साली संसदेने सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला.

महाराष्ट्राच्या कायद्याला दोन भाषांत नीट उभे राहावे लागते. विधेयक मराठीत असते आणि त्याचा इंग्रजी पाठही राजपत्रात येतो. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे तो इंग्रजीतील अधिकृत पाठ मानला जातो. म्हणून दोन्हींत अर्थ तोच राहिला पाहिजे. हे किती अवघड असते, ते उर्दू वाचकांना सांगायला नको. तुमच्या पुस्तकांतून भेटणारे डेप्युटी नझीर अहमद केवळ कादंबरीकार नव्हते. १८६० च्या भारतीय दंड संहितेचा उर्दू तरजुमा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ‘ताजीरात-ए-हिंद’ हे नाव त्यातूनच घरोघरी गेले. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी ते नाव अजून लोकांच्या तोंडी आहे.

या व्यवसायात यायचे तर कायद्याची पदवी हवी. बारावीनंतर ती पाच वर्षांत मिळते, पदवीनंतर तीन वर्षांत. पण केवळ पदवी पुरत नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही पक्क्या हव्यात, आणि शंका काढण्याची सवय हवी. वर्गात ‘सर, पण असे झाले तर?’ असे विचारून शिक्षकांना सतावणारा मुलगा इथे शोभून दिसेल! अधिवेशनाच्या दिवसांत घाई फार असते. सदस्य दुरुस्त्या सुचवतात. एका कलमातला शब्द बदलला की तो इतर कुठल्या कलमाला अडतो का, हे लगेच पाहावे लागते.

प्रसिद्धी मात्र मिळत नाही. छापील विधेयकावर मंत्र्यांचे नाव असते, मसुदाकाराचे नसते. म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ ची गोष्ट लक्षात राहते. त्या दिवशी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधानाच्या श्रेयाचा वाटा बी. एन. राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना दिला. गुंतागुंतीची गोष्ट साध्या आणि स्पष्ट कायदेशीर शब्दांत मांडण्याच्या मुखर्जींच्या हातोटीचे त्यांनी सभागृहात कौतुक केले.

स्वाध्याय

१. ‘देता येईल’ आणि ‘देण्यात येईल’ यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.

२. मसुदा, कायदा, मंजूर, तारीख हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा.

३. ‘वर्गात उशिरा येऊ नये’ हा नियम असा लिहा की कोणालाही शंका उरणार नाही. मग तो शेजारच्या मुलाला द्या आणि त्याला त्यात शंका काढू द्या.