सुट्टी मिळाली, पण घर मिळाले का?



मार्च 2021. वरूड तालुक्यात संत्र्याची तोड सुरू होती. मेळघाटातून मजुरीला आलेली एक कोरकू बाई कोरोनाने दवाखान्यात होती. पाचव्या दिवशी तिने मला फोनवर विचारले, "ताई, ताप तं गेला, मंग सुट्टी काहून देत नाही?" पुढे सुट्टी मिळाली, तर खोलीमालक दारातच म्हणाला, "आधी निगेटिव्ह रिपोर्ट दाखवा." खरे सांगते, तो रिपोर्ट मलाही हवा होता.

डॉक्टरांनी समजावले. सुरुवातीला चोवीस तासांच्या अंतराने दोन चाचण्या निगेटिव्ह आल्याशिवाय सुट्टी नसे. 8 मे 2020 रोजी केंद्र सरकारने नियम बदलला. सौम्य आजारात लक्षणे सुरू होऊन 10 दिवस झाले आणि 3 दिवस ताप नसला, तर चाचणीविना सुट्टी. त्यानंतर 7 दिवस घरी वेगळे राहायचे. कारण आरटी-पीसीआर चाचणीत मेलेल्या विषाणूचे अवशेषही कित्येक आठवडे सापडू शकतात. त्यांच्यापासून लागण होत नाही. गंभीर रुग्णांना मात्र एक निगेटिव्ह चाचणी लागे.

हा नियम सर्व आजारांना लावू नका. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोका वाढू शकतो. म्हणून तापाच्या गोळीशिवाय निदान 24 तास ताप नाही, भूक लागते, लघवी नीट होते, दम लागत नाही आणि प्लेटलेट 50 हजारांच्या वर आहेत, हे पाहूनच डॉक्टर घरी सोडतात. पोटदुखी, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा गुंगी दिसल्यास लगेच परत न्यावे.

लेवीय 13 मध्ये याजक संशयिताला सात दिवस वेगळे ठेवून पुन्हा तपासतो. अध्याय 14 मध्ये बऱ्या झालेल्याला तपासायला तो स्वतः छावणीबाहेर जातो. वेगळे ठेवण्याइतकेच परत आणणेही त्याचे काम होते.

त्या बाईला आम्ही प्रार्थनागृहामागची खोली दिली, दोन वेळचा डबा पोहोचवला. आठव्या दिवशी सुट्टीचा कागद घेऊन मालकाकडे गेलो. तो वाचून त्याने कुलूप काढले. सतरा दिवसांची मजुरी मात्र बुडालीच.

चर्चेसाठी: आपल्या वस्तीत कोणी दवाखान्यातून परतले, तर पहिल्या दिवशी त्यांच्या दारी कोण जाईल?