दुसऱ्या कंट्रोलरचा हिशेब

सांगली,
रविवार, सकाळ

चि. ओंकार यास,


तू केलेला तक्ता ताईने मला पाठवला. किंमत, टेराफ्लॉप, रॅम, स्टोरेज असे रकाने आणि खाली लाल शाईत प्रश्न: ‘मामा, कुठला घेऊ?’ फोनवर एका शब्दात सांगता आलं असतं. पण हे तू नोकरीच्या पहिल्या वर्षात बाजूला काढलेले पैसे आहेत, आणि तीस वर्षं टीव्ही आणि गेम दुरुस्त करताना मला जे कळलं ते एका शब्दात मावत नाही. म्हणून दुकान उघडायच्या आधी लिहायला बसलोय.

तक्ता मन लावून केला आहेस. पण त्यात सगळ्यात जास्त जागा ताकदीने खाल्ली आहे, आणि तिथेच मला आधी बोट ठेवायचं आहे. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी. एक्सबॉक्स सिरीज एक्स १२, प्लेस्टेशन ५ सव्वादहाच्या किंचित वर, सिरीज एस ४. आकडे बरोबर आहेत. मात्र त्याच कागदावर एसएसडीचा वेग लिहिला असतास तर पारडं उलटं झुकलं असतं. प्लेस्टेशन सेकंदाला ५.५ जीबी वाचतो, सिरीज एक्स २.४. एक गणितात पुढे, दुसरा वाचण्यात. दोघांवर निघालेला एकच खेळ शेजारीशेजारी लावून बघ, फरक डोळे बारीक करून शोधावा लागतो.

आता हे सगळं दिसणार कशावर? तुमच्या हॉलमधला टीव्ही मीच भिंतीवर बसवलाय. ३२ इंची, एचडी रेडी. त्याच्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे एकूण साडेदहा लाख ठिपके. फोर-के चित्रात ८३ लाख ठिपके असतात. सिरीज एस तुझ्या तक्त्यात सगळ्यात दुबळा, पण तोही ३७ लाख ठिपक्यांचं चित्र डोळ्यासमोर ठेवून बनवलेला आहे. त्यातलेही पाऊण तुमचा टीव्ही दाखवूच शकत नाही. सगळी ताकद वाया जाते असं मी म्हणत नाही. सेकंदाला ३० ऐवजी ६० चित्रं आली की हालचाल गुळगुळीत होते आणि ती कुठल्याही टीव्हीवर दिसते. पण १२ मोठे की सव्वादहा, यावर तू रात्री जागवू नकोस. त्या घरात, त्या भिंतीवर, या प्रश्नाला अर्थ नाही.

ताकदीवर निकाल लागत नाही, हे या धंद्याने फार आधी पाहिलंय. १९८९ साली निन्टेन्डोने गेमबॉय काढला. पडदा हिरवट, रंग नाहीत, मागून उजेडही नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, रंगीत आणि उजेडाच्या पडद्याचा. कागदावर तुलनाच नव्हती. पण लिंक्स सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत संपवायचा आणि गेमबॉय चार सेलवर पंधरा तास सहज चालायचा. किंमतही लिंक्सच्या निम्मी. गेमबॉय करणारा गुन्पेई योकोई हा मोठा माणूस. जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा कुणाला न सुचलेला उपयोग करायचा, हा त्याचा विचार. सेल बदलायला पैसे नसलेल्या पोराच्या हातात ते यंत्र कसं वागेल, याचा विचार त्याने पडद्याच्या रंगाआधी केला, असं मला त्याची रचना बघताना नेहमी वाटतं. गेमबॉय आणि नंतरचा रंगीत गेमबॉय मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकले गेले. अमेरिकेत त्याच्यासोबत टेट्रिसची कॅसेट मिळायची आणि दोन गेमबॉय वायरने जोडून दोघांना एकमेकांविरुद्ध खेळता यायचं. ती वायर लक्षात ठेव, तिच्याकडे मी परत येणार आहे.

दुसरी गोष्ट २००६ची. प्लेस्टेशन ३ अमेरिकेत ४९९ आणि ५९९ डॉलरला आला. आत आयबीएम आणि तोशिबाबरोबर घडवलेला सेल प्रोसेसर होता, ब्लू-रे होता. यंत्र अचाट, पण खेळ बनवणाऱ्यांना तो प्रोसेसर वळवता वळवता घाम फुटला. एक्सबॉक्स ३६० वर्षभर आधी ३९९ डॉलरला येऊन बसला होता. त्याचे दिवे लाल होऊन तो बंद पडू लागला तेव्हा २००७मध्ये मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांवर न्यावी लागली आणि त्यापोटी १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. निन्टेन्डोचा वी या दोघांच्या पासंगालाही पुरत नव्हता, एचडी चित्रसुद्धा द्यायचा नाही. किंमत २५० डॉलर. हातातला रिमोट बॅटसारखा फिरवला की पडद्यावर टेनिसचा चेंडू जायचा. आयुष्यात कंट्रोलर न धरलेल्या आज्या उठून खेळल्या. वी दहा कोटींवर गेला. बाकीचे दोघे साडेआठ कोटींच्या आसपास राहिले.

हेही सांगायला हवं की त्याच कंपनीचा पुढचा वी यू जेमतेम साडेतेरा दशलक्ष खपला. गंमत एकदा जमली म्हणून दर वेळी जमत नाही. म्हणून ‘मजा’ हा रकानासुद्धा डोळे झाकून भरायचा नसतो. ती कुठून येते ते बघायचं असतं.

मी ती कुठे पाहिली ते सांगतो, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या त्या वायरकडे परत येतो. दुकान सुरू केलं तेव्हा माझ्याकडे येणारे निम्मे गेम ‘मीडिया’ असायचे, म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३च्या फॅमिकॉमच्या नकला. मूळ फॅमिकॉमला दोन कंट्रोलर वायरने कायमचे जोडलेले होते. एकट्यासाठी विकत घ्यायची सोयच नव्हती. नकलाही दोन कंट्रोलर देत. दुरुस्त केलेला गेम परत देण्याआधी दोन्ही तपासायला लागत, आणि एकट्याला दोन चालवता येत नाहीत, म्हणून मी तो रात्री घरी नेऊन ताईला बसवायचो. तुझी आई तेव्हा शिवणाचा क्लास करून थकून यायची. कॉन्ट्रा लावायचो. त्यात धबधब्याचा एक टप्पा आहे. एक जण घाईने वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. मी घाई करायचो, ताई ओरडायची, ‘थांब रे!’ काही दिवसांनी मी थांबायला शिकलो. ताईला आजही विचार, तिला तो धबधबा आठवेल. किती बिटचा प्रोसेसर होता ते तिला कधीच माहीत नव्हतं.

आता किंमत. तू लिहिलंस की प्लेस्टेशन ५ची डिजिटल आवृत्ती ४४,९९० आणि डिस्कवाली ५४,९९०, ताकद एकच, तेव्हा दहा हजार वाचले. इथे चुकतोयस. स्लिम मॉडेल आपल्याकडे आलं तेव्हाच्या या किमती; दुकानात जाशील त्या दिवशीचा भाव विचार, पण तर्क तोच राहील. मोठा नवा खेळ साधारण पाच हजारांना मिळतो. डिजिटलवर तो घेतलास की तो तुझ्या खात्यात अडकला. ना विकता येत, ना मित्राला देता येत. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर समज तीन हजाराला गेली, खेळ तुला दोन हजाराला पडला. चार खेळांत दहा हजारांचा फरक निघून गेला, आणि कन्सोल पाच-सात वर्षं चालतो. वर प्लेस्टेशन ४च्या जवळजवळ सगळ्या डिस्क त्यावर चालतात. तुझ्या चार मित्रांकडे प्लेस्टेशन ४ आहे, त्यांच्या कपाटात काय पडलंय ते विचारलंस का? आपल्यासारख्या घरात डिस्क घालायची ती फट टेराफ्लॉपपेक्षा मोलाची आहे.

सिरीज एस आला तेव्हा ३४,९९० होता. त्याला डिस्क नाही. तो घेणाऱ्याने गेम पासचं भाडं दर महिन्याचा खर्च म्हणून धरायला हवं. पुष्कळ खेळ मिळतात, पण भाडं थांबलं की खेळही थांबले. महिन्याचा खर्च तुला नको हे मला ठाऊक आहे. मित्रांशी ऑनलाइन खेळायचं तर प्लेस्टेशनवरही वर्गणी लागते, मात्र फोर्टनाइटसारख्या फुकट खेळांना लागत नाही.

निन्टेन्डो स्विचवर माझा जीव आहे. डब्यातून निघणारे दोन छोटे जॉय-कॉन वेगळे केले की दोघांच्या हातात एकेक येतो, त्यांनी फॅमिकॉमची ती जुनी सवय राखली आहे. पण निन्टेन्डो स्वतः भारतात विकत नाही. येतो तो परदेशातून कुणीतरी आणलेला किंवा आयातवाल्या दुकानातला, आणि बिघडला तर वॉरंटीसाठी कुठे जाणार? पहिला कन्सोल म्हणून तो घेऊ नकोस.

दोन गोष्टी माझ्या टेबलावरून. यंत्र टीव्हीखालच्या बंद कपाटात ठेवू नकोस. मागून गरम हवा निघते, त्या उबेला झुरळं येतात. मी उघडलेल्या कितीतरी यंत्रांचा सप्लाय झुरळांनीच घालवलेला होता. आणि तुमच्याकडे वीज जाते-येते. खेळताना प्लेस्टेशन २०० वॉटच्या आसपास घेतो, तो जुना इन्व्हर्टर टीव्ही, पंखा आणि हे असं तिन्ही ओढेल का ते दाजींना विचारून घे. रात्री रेस्ट मोडवर न ठेवता पूर्ण बंद करत जा.

तेव्हा माझं मत: डिस्कवाला प्लेस्टेशन ५. टीव्ही आहे तोच राहू दे, निदान दोन वर्षं. पहिल्या दिवशी ॲस्ट्रोज प्लेरूम लाव, तो आतच फुकट येतो. वाळूवरून चाललं तर हाताला वेगळं लागतं आणि काचेवरून चाललं तर वेगळं. विकत घ्यायचा पहिला खेळ मात्र ‘इट टेक्स टू’ असू दे. तो २०२१चा आहे, आणि एकट्याला तो सुरूच करता येत नाही. दोघं मिळून खेळली तरच पुढे जातो. तुझ्या तक्त्यात तुझ्या बहिणीचं, जुईचं नाव कुठेच नव्हतं. ती यंदा दहावीला आहे, संध्याकाळी क्लासवरून येऊन गप्प बसते असं ताई म्हणाली. क्रिकेट २४सारखा खेळ तिला आवडेल की नाही सांगता येत नाही, हा आवडेल.

डब्यात कंट्रोलर एकच येतो. दुसरा सहा हजारांच्या घरात जातो, आणि तोही तुझ्या तक्त्यात नाही. तो माझ्याकडून. पुढच्या रविवारी दुकानावर ये, घेऊन ठेवतो. पांढरा की काळा, ते जुईला विचार.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा